फणीला मात्रा लागू पडताच

‘पत्र संपल्यावर सुचतं, जेवण संपल्यावर पितात (२)’

हे गूढ शब्दकोड्यातलं एक सूत्र; कंसातला आकडा म्हणजे उत्तराला किती घरं लागतात ते. गोव्यात ते वाचलं की जिभेवर आधी सोलकढी येते. पण सोलकढीला चार घरं लागतात आणि कंसात तर दोनाचा आकडा आहे. मग जेवण बाजूला ठेवून पत्राकडे वळायचं. मजकूर संपला, ‘आपला’ लिहून सही झाली, आणि तेवढ्यात काहीतरी आठवलं. सहीच्या खाली काय लिहायची पद्धत होती? ता. क., म्हणजे ताजा कलम. त्यातली टिंबं पुसा. ताक.

गूढ शब्दकोड्याचं अख्खं यंत्र या सहा शब्दांत आहे. साध्या शब्दकोड्यात ‘एक आंबट फळ’ एवढंच लिहिलेलं असतं. तिथे आवळा बसतो, कोकमही बसतं, आणि कुठलं खरं ते शेजारचे शब्द सुटेपर्यंत कळत नाही. गूढ कोड्यात एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक वाट सरळ अर्थाची, दुसरी अक्षरांच्या करामतीची. दोन्ही वाटा एका दारात भेटल्या की उत्तर पक्कं. म्हणून गूढ कोडं सोडवायला अवघड असलं तरी तपासायला सोपं असतं. उत्तर लिहिल्यावरही मनात ‘असेल बहुतेक’ असं वाटत असेल, तर ते बहुतेक चुकलेलं असतं.

पहिला नियम जागेचा. सरळ अर्थ सूत्राच्या सुरुवातीला असतो किंवा शेवटी. मध्ये कधीच नाही. तेव्हा कुठलंही सूत्र हाती आलं की त्याची दोन टोकं आधी चाचपायची आणि पूर्ण वाक्य जे चित्र उभं करतं त्याकडे पाठ फिरवायची. ते चित्र फसवण्यासाठीच काढलेलं असतं. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस मजकूर वाचत नसे, अक्षरं बघत असे. ती नजर इथे हवी.

काही सूत्रांत करामत नसते, दोन अर्थच शेजारी ठेवलेले असतात. ‘जिथून राज्य चालतं ती आजीची आई (३)’ हे गोव्यातल्या शाळकरी मुलालाही सुटेल: पणजी. ‘वाचवली तरी मासळीच (३)’ म्हणजे तारली. पण ‘वाळवंटीकाठी असते, बांधून ठेवते (३)’ इथे पुण्याचा वाचक वाळूत उंट शोधत बसतो. डिचोली तालुक्यातला माणूस मात्र लगेच सांगेल की वाळवंटी ही नदी आहे आणि तिच्या काठी साखळी आहे. इंग्रजी कोडेकाराला हे इतकं सहज जमत नाही. विशेषनामाचं पहिलं अक्षर त्याला मोठं लिहावं लागतं, आणि ते लपवायला तो शब्द वाक्याच्या आरंभी ढकलायची धडपड करावी लागते. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाहीच. मांडवी, साखळी, लता, उत्तर, सगळी विशेषनामं साध्या कपड्यात गर्दीत मिसळून जातात. मराठीत गूढ कोडं म्हणजे इंग्रजीची नक्कल, असं म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात घ्यावी.

चौकटीचं कोडं आपलं नाही, हे खरं. २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या पुरवणीत आर्थर विन याने ते पहिल्यांदा छापलं. त्यातली सूत्रं सरळ होती. त्यांना तिढा दिला इंग्लंडने, १९२०च्या दशकात. तिढा मात्र आपल्याला नवा नव्हता. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार मांडले आहेत. पदांच्या संधीमुळे अर्थ दडतो ती समागता. शब्दाचा रूढ अर्थ वाचकाला चकवतो ती वंचिता. वर साखळीच्या सूत्रात जे झालं ते वंचितेचंच काम. ‘केशवं पतितं दृष्ट्वा’ हे जुनं सुभाषित घ्या. केशव पडलेला पाहून द्रोण हर्षला, असं ऐकून आपण कुरुक्षेत्रावर पोचतो, पण तिथे ‘के’ म्हणजे पाण्यात, ‘शवं’ म्हणजे प्रेत आणि द्रोण म्हणजे डोमकावळा. एका शब्दाचे दोन तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा अर्थ काढणं हा आजच्या कोडेकाराचा रोजचा उद्योग आहे.

आता अक्षरं. इंग्रजीच्या प्रत्येक घरात २६ पैकी एक अक्षर येतं. आपल्या घरात काय येतं, हा पहिला वाद. प्रघात असा की स्वरचिन्हासकट पूर्ण अक्षर एका घरात, आणि जोडाक्षरही एकाच घरात. म्हापसा तीन घरांत बसतं (म्हा, प, सा), वास्को दोन घरांत. अनुस्वार ज्या अक्षरावर असेल त्याच्याच घरात राहतो, म्हणून मांडवीचं पहिलं घर ‘मां’ आहे आणि तिथे ‘मा’ने सुरू होणारा उभा शब्द चालत नाही. काहीजण अनुस्वाराकडे काणाडोळा करतात. करू नये. एकदा सवलत दिली की सोडवणाऱ्याला कशावर विसंबावं तेच कळेनासं होतं.

चौतीस व्यंजनं गुणिले बाराखडी म्हणजे ४०८, आणि जोडाक्षरं अजून मोजलीच नाहीत. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. रचणाऱ्याचं कंबरडं मोडतं, कारण आडव्या शब्दातला ‘ळी’ उभ्या शब्दातही नेमका ‘ळी’च हवा. म्हणून इंग्रजीची १५ गुणिले १५ ची चौकट मराठीत हट्टाने भरायला गेलं की कोशातले मेलेले शब्द ओढून आणावे लागतात. ९ किंवा ११ घरांची बाजू पुरते. उलट सोडवणाऱ्याची चंगळ होते. इंग्रजीत एखाद्या घरात ‘ई’ मिळाला तर फारसं काही कळत नाही. मराठीत ‘ळी’ किंवा ‘को’ मिळालं की निम्मा शब्द हाती येतो.

स्वरचिन्हं अक्षराला चिकटून राहतात म्हणून शब्दातल्या अक्षरांची उलथापालथ करून दुसरा शब्द काढणं मराठीत कमी वेळा जमतं. इंग्रजी कोड्याचा अर्धा संसार त्यावर चालतो. आपण ती कसर दुसरीकडे भरून काढतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सुटे सुटे उचलून इकडचे तिकडे ठेवता येतात. ‘फणीला मात्रा लागू पडताच चढते ती (२)’ या सूत्रात मात्रा वैद्याची नाही, फ वर द्यायची आहे: फेणी. इथे ‘चढते ती’च्या जागी ‘काजूची दारू’ लिहिलं असतं तर दोन चुका झाल्या असत्या. पहिल्या धारेचं उराकही काजूचंच असतं, आणि दक्षिण गोव्यात माडाची फेणीही काढतात. अर्थाची बाजू अशी काटेकोर तपासावी लागते, कारण सोडवणाऱ्यांत एखादा काजूच्या भट्टीवर वाढलेला असतोच. हीच युक्ती मांडवीला लागते: ‘मांडवाला शेवटी वेलांटी, पणजीला खेटून वाहते (३)’.

विभक्ती हे मराठी कोड्याचं खरं हत्यार, आणि खरा खड्डाही. ‘सारात गंधार पडताच दर्या (३)’ घ्या. सरगमीतला गंधार म्हणजे ग. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या भूमीतल्या, तिथल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. षड्ज सा, पंचम प, निषाद नी, अशी सात आयती अक्षरं कोडेकाराला मिळतात. आता ‘सारात’मधला ‘त’ बघा. सप्तमीचा तो प्रत्यय वाक्यात मुकाट्याने बसलाय, पण सगळं काम त्याचंच: ‘सार’च्या आत ‘ग’ घाल. सागर. इंग्रजीत ‘आत’साठी वेगळा शब्द खर्ची पडतो, आपला प्रत्यय तेच काम विनामोबदला करतो. ‘फणीला’मधला ‘ला’ही असाच राबतो.

खड्डा सामान्यरूपाचा. सार, फणी, मांडव यांना प्रत्यय लागला तरी मूळ शब्द डोळ्यांना दिसत राहतो. ‘घोडा’ मात्र ‘घोड्याला’ होतो, आणि मूळ ‘डा’ गायब. सोडवणाऱ्याने तो मनात परत आणायचा का? माझं मत असं की अर्थाच्या बाजूला आणावा, अक्षरांच्या बाजूला कधीच नाही. ज्या शब्दाची अक्षरं वापरायची आहेत तो कागदावर जसा छापला आहे तसाच धरायचा.

उलटा वाचण्याचा प्रकार आपल्याकडे वाल्या कोळ्यापासून चालत आलाय; ‘मरा’चा राम झाला तो असाच. ‘नदी उलटली, बिचारा (२)’: न आणि दी फिरवा, दीन. इथे एक बारकावा पाळतात. शब्द आडवा असेल तर ‘मागे फिरली’, ‘उलटली’ चालतं. ‘वर चढली’ फक्त उभ्या शब्दाला, कारण आडव्या शब्दात वर काही नसतंच. कानाने ऐकायची सूत्रं (‘दिवस ऐकला तरी गरीब’, म्हणजे पुन्हा दीनच) मराठीत फार होत नाहीत. आपण बरंचसं बोलतो तसंच लिहितो, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या पलीकडे तिथे खेळायला फारशी जागा उरत नाही.

गोव्याचा फायदा वेगळा आहे. इथे एकाच घरात कोकणी बोलतात, मराठी वाचतात आणि पोर्तुगीज शब्द बाजारातून घेऊन येतात. त्यामुळे एका शब्दाकडे दोन बाजूंनी बघायची सवय कान आपोआप लावून घेतात. ‘गोंयकाराला नको तिथेच टोल (२)’: नाका. कोकणीत ‘म्हाका नाका’ म्हणजे मला नको. ‘साहेबाचा चिखल अधिक आपलं गाव, तिथे गाड्या बदलायच्या (४)’: मडगाव. पण परक्या भाषेत शिरताना दारावर पाटी हवी. ‘गोंयकाराला’ किंवा ‘साहेबाचा’ हा शब्द म्हणजे ती पाटी. ती न लावता ‘नको तिथेच टोल’ एवढंच लिहिलं तर ते सूत्र चुकीचं, कितीही चमकदार वाटो.

रचायला बसताना चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळांची आरास, आठवावी. लाकडी चौकट आधी टांगायची, तिच्यावर नारळाचे आणि सुपारीचे जड घोस पहिल्यांदा बांधायचे, आणि रानातली बारकी फळं शेवटी, जिथे भोक उरेल तिथे. कोड्यातही लांब शब्द आधी. काळी घरं अशी ठेवायची की चौकट अर्धा फेरा फिरवली तरी तशीच दिसावी. शब्द पुरेसे गुंफले जातात की नाही हे बघायचं; ज्याचं एकच घर दुसऱ्या शब्दाला भेटतं असा चार घरांचा शब्द सोडवणाऱ्याच्या माथी मारू नये. सूत्रं सगळ्यांत शेवटी लिहायची.

सूत्र बिघडतं कसं, ते एका उदाहरणात दाखवता येतं. उत्तर कोकम. ‘बायको कमरेवर’ असं लिहिलं की बाय[को कम]रेवर, असं पोटात सापडतं. पहिला मसुदा सहसा असा होतो: ‘बायको कमरेवर हात ठेवून उभी, मनात आंबट (३)’. वाचायला छान. पण ‘हात ठेवून उभी’ या शब्दांना कामच नाही, ते नुसते भरताड. सोडवणारा त्यांच्यात अर्धा तास अडकतो, आणि उत्तर कळल्यावर त्याला शिवी हासडावीशी वाटते. ती त्याची चूक नव्हे. शिवाय ‘आंबट’ हे विशेषण आहे आणि कोकम हे नाम. एकाच्या जागी दुसरं वाक्यात ठेवता येत नाही, म्हणून तो अर्थही नापास. तासून तासून उरतं ते असं: ‘बायको कमरेत लपवते आंबट फळ (३)’. पाच शब्द. पहिल्या दोघांत अक्षरं, तिसरा खूण, शेवटचे दोन अर्थ. आणि वरच्या चित्रात डोहाळे लागलेली बाई आली, ती फुकटात.

दुसरी चूक याहून वाईट. अक्षरं ढवळायची असतील तर ती सूत्रात डोळ्यांसमोर असायला हवीत. ‘गरम’ ढवळून मगर करायची असेल तर ‘गरम’च लिहायचं. ‘उष्ण ढवळताच’ लिहिलं की सोडवणाऱ्याने आधी कढत, ऊन, तप्त, गरम यांतला एक ओळखायचा आणि मग तो फिरवायचा. म्हणजे एका अंधारातून दुसऱ्या अंधारात. हे कोडं नव्हे, छळ आहे.

आणखी एक अडचण निव्वळ मराठीची. आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. ‘चढते ती’ म्हटलं की उत्तर स्त्रीलिंगी, निम्मे शब्द बाद. चतुर कोडेकार ‘आहे’वर भागवतो किंवा क्रियापदच गाळतो. चतुर सोडवणारा आधी क्रियापदाचं शेपूट बघतो.

आता एक कोपरा भरून पाहू. डाव्या हाताला वरच्या ओळीत चार घरांचा आडवा शब्द. त्याच्या पहिल्या घरातून दोन घरं खाली उतरतात, तिसऱ्या घरातून तीन. त्या तिघांतलं शेवटचं घर हे आणखी एका तीन घरांच्या आडव्या शब्दाचं पहिलं घर. वरच्या चार घरांचं सूत्र आहे: ‘पणजीच्या पोटाला दोन्हीकडून प्रश्न, उत्तर दक्षिणेच्या टोकाला’. खालच्या आडव्याचं: ‘गरम ढवळताच कुंभारजुव्याच्या कालव्यात वर येते’. मधल्या उभ्या शब्दाचं सूत्र म्हणजे मघाचं बायकोचंच.

क्रमाने वरून सुरुवात करायची गरज नाही. जिथे खूण ठळक तिथे आधी हात घालावा. ‘ढवळताच’ ही ठळक खूण. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या त्या कालव्यात काय असतं हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि इथेच घसरण होते. घाईत माणूस ‘सुसर’ लिहितो. तीन घरं, स्त्रीलिंगी, पाण्यातली; अर्थ जुळला. पण सु, स, र ही अक्षरं ‘गरम’मध्ये कुठे आहेत? दुसरी वाट त्या दारापर्यंत येत नाही. ग, र, म फिरवून मगर. खोडून लिहा.

मगरीचा म आता मधल्या उभ्या शब्दाच्या शेवटच्या घरात बसला. तिथे कुणी आंबट फळ म्हणून ‘आवळा’ लिहिला असेल तर तो आपोआप पडला, आणि बाय[को कम]रेत डोळ्यांसमोर आलं. कोकमाने वरच्या शब्दाच्या तिसऱ्या घरात ‘को’ टाकला.

आता वरचं सूत्र. पणजीचं पोट म्हणजे तीन अक्षरांतलं मधलं, ण. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रश्न. चार घरांतून ण वजा केला तर तीन घरं उरतात, म्हणजे एक प्रश्न एका अक्षराचा आणि दुसरा दोन अक्षरांचा. एका अक्षराचा प्रश्न म्हटला की ‘का’च आठवतो. तिसऱ्या घरात ‘को’ आहे, तेव्हा उजवीकडचा प्रश्न को पासून सुरू होणारा: कोण. का, ण, कोण. ‘उत्तर’ ही दिशा नव्हती, नुसतं उत्तर होतं. गोव्याचा दक्षिण टोकाचा तालुका काणकोण.

एकच घर कोरं राहिलं. पहिल्या घरातून खाली उतरणारा शब्द, सूत्र असं: ‘प्रश्नाखाली बैलाच्या मानेवरचं लाकूड, बी बाहेर टांगणारा (२)’. ‘का’ तर वर भरलेलाच आहे.